पहिले अपत्य केव्हा, आणि कोणाच्या हिशेबावर?

लग्न होऊन सहा महिने लोटले की घरोघरी एक प्रश्न विचारला जाऊ लागतो. सासू विचारते, आत्या विचारते, शेजारीण विचारते, आणि विहारात वंदना आटोपून बाहेर पडताना चार वडीलधाऱ्या बायाही विचारतात. गोड बातमी केव्हा? हा प्रश्न मायेपोटी विचारला जातो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या मुलीचे शिक्षण कोठवर आले आहे, तिची नोकरी कायम झाली की नाही, तिची परीक्षा कोणत्या महिन्यात आहे, हे प्रश्न त्याच माणसांपैकी किती जण विचारतात? आमच्या अनुभवाप्रमाणे शंभरात दोघेही विचारीत नाहीत.

पहिल्या मुलाची तारीख म्हणजे केवळ पाळण्याची तारीख नव्हे. आईच्या पुढील तीस वर्षांच्या मिळकतीचा निर्णय त्या तारखेत दडलेला असतो. बापाच्या मिळकतीवर मात्र तिचा परिणाम जवळजवळ होत नाही. आणि विलक्षण गोष्ट ही की, ज्यांची मिळकत त्यामुळे घटत नाही असे नवरा, सासू-सासरे व नातलग हेच बहुतेक घरांत त्या तारखेचा आग्रह धरतात. ज्या कुटुंबांनी जुना धर्म सोडताना जुन्या घरातील मानपानाची उतरंडही सोडण्याचा निश्चय केला, त्यांनी तरी या हिशेबाकडे डोळे उघडून पाहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम पुरावा पाहू, कारण पुराव्यावाचून बोलणे वकिलास शोभत नाही. युरोपातील डेन्मार्क देशात प्रत्येक नागरिकाचा जन्म, विवाह व मिळकत यांची सरकारी नोंद वर्षानुवर्षे एकत्र ठेवली जाते. त्यामुळे एखाद्या स्त्रीची मिळकत मूल होण्यापूर्वी किती होती आणि पुढे दहा-वीस वर्षांत तिचे काय झाले, हे तेथे अंदाजाने नव्हे, तर नोंदीवरून सांगता येते. क्लेव्हन, लाँदे व सोगार्ड या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी १९८० ते २०१३ या काळातील या नोंदी तपासल्या आणि २०१९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पहिले मूल होईपर्यंत स्त्री व पुरुष यांच्या मिळकतीच्या रेषा बरोबरीने चालतात. मूल झाले की पुरुषाची रेषा जशी होती तशीच पुढे जाते. स्त्रीची रेषा मात्र एकदम खाली येते, आणि अनेक वर्षांनंतरही ती सुमारे २० टक्क्यांनी खालीच राहते. डेन्मार्क हा काही मागासलेला देश नव्हे. तेथे पगारी रजा आहे, सरकारी मदतीने चालणारी पाळणाघरे आहेत, आणि स्त्रियांनी नोकरी करणे तेथे नवलाचे राहिलेले नाही. तरीही मूल दोघांचे आणि घट एकटीची, असाच तेथील हिशेब निघाला.

आपल्याकडे इतक्या तपशिलाच्या नोंदी नाहीत. तथापि केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत आढळले की, घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामांत दिवसाला २८९ मिनिटे जातात. पुरुषांची जातात ८८ मिनिटे. तीही जे पुरुष अशी कामे करतात त्यांची सरासरी आहे, जे मुळीच हात लावीत नाहीत त्यांची गणना त्यात नाही. ज्या माणसाचे रोजचे पावणेपाच तास चुलीपाशी व मोरीपाशी जातात, त्याने नोकरीतील बढतीसाठी अभ्यास कोणत्या वेळी करावा?

हे झाले मूल होण्याविषयी. आता ते केव्हा होते, याने किती फरक पडतो, ते पाहू. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उशिरा आई झालेल्या स्त्रिया अधिक कमावतात, हे कोणासही दिसते. परंतु त्या उशिरा आई झाल्या म्हणून अधिक कमावतात, की मुळात अधिक शिकलेल्या होत्या म्हणून उशिरा आई झाल्या, हे नुसत्या तुलनेवरून कळत नाही. अमेरिकेतील अमालिया मिलर या विदुषीने ही अडचण एका युक्तीने सोडविली. ज्या स्त्रियांचा गर्भपात आपोआप झाला आणि म्हणून मूल इच्छेपेक्षा उशिरा झाले, किंवा संततिनियमनाचे साधन फसले आणि म्हणून मूल इच्छेपेक्षा लवकर झाले, अशांच्या मिळकती तिने ताडून पाहिल्या. म्हणजे विलंब वा घाई ही ज्यांच्या गुणावर वा निवडीवर अवलंबून नव्हती, अशांचीच तुलना तिने केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, पहिले मूल एक वर्षाने लांबले तर आईची एकूण मिळकत सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि हा लाभ पदवीधर व अधिकारपदाच्या नोकऱ्या करणाऱ्या स्त्रियांस विशेष होतो.

याच्या जोडीला दुसरा अभ्यास ठेवावा म्हणजे चित्र पुरे होते. हॉट्झ, मॅकएलरॉय व सँडर्स यांनी २००५ साली कोवळ्या वयात, म्हणजे अठरा वर्षांपूर्वी, आई झालेल्या अमेरिकन मुलींचा विचार अशाच रीतीने केला. त्याच वयात गर्भ राहिलेल्या पण गर्भपात झाल्यामुळे आई न झालेल्या मुलींशी त्यांची तुलना केली असता, लवकर आई झाल्यामुळे झालेले मिळकतीचे नुकसान समजले जात होते त्यापेक्षा फारच थोडे आढळले. वरवर पाहता दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध बोलतात. वस्तुतः ते एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगतात. ज्या कामात शिडी आहे, म्हणजे ज्यात दरवर्षीच्या अनुभवाने पगार चढतो, तेथे सुरुवातीची पाच-सात वर्षे सोन्याच्या मोलाची असतात, आणि ती वर्षे पाळण्यापाशी गेली तर नुकसान जन्मभर साचत जाते. ज्या कामात शिडीच नाही, तेथे आज गेलेले वर्ष आणि दहा वर्षांनी गेलेले वर्ष यांची किंमत सारखीच.

शिडी आणि मातृत्व यांचा संबंध किती निकटचा आहे, याचे एक उदाहरण आमच्याच व्यवसायातले आहे. अमेरिकेत १९७० साली कायद्याच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांत मुली शंभरात सुमारे १० होत्या. १९८० साली त्या सुमारे ३६ झाल्या. दहा वर्षांत मुलींची बुद्धी वाढली काय? क्लॉडिया गोल्डिन, ज्यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २००२ साली दाखवून दिले की, या बदलाचे एक मोठे कारण संततिनियमनाची गोळी हे होते. अविवाहित तरुणींना ती कायद्याने मिळू लागली, तेव्हा लग्न व मूल कधी करावयाचे हे त्यांस ठरविता येऊ लागले. तीन वर्षांचा दीर्घ अभ्यासक्रम हाती घेण्याचे धैर्य त्यातून आले. तारीख हाती आली, तेव्हा शिडीवर पाय ठेवता आला.

आता महाराष्ट्रात येऊ, आणि जेथे शिडी नाही तेथून आरंभ करू. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची नाळ आजही ऊसतोडीशी जोडलेली आहे. दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या कोयत्यावर मिळते. एकट्या पोराला उचल नाही, म्हणून त्याचे लग्न लवकर होते आणि मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असतानाच फडात उतरते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. अठरापूर्वीच्या लग्नास कायद्याने मनाई आहे. परंतु उचलीची वही कायदा विचारीत नाही.

त्या फडातील स्त्रीच्या दृष्टीने विचार करा. तिला बढती नाही, निवृत्तिवेतन नाही, अनुभवाचा पैसा नाही. जेवढे टन तोडले तेवढाच हिशेब. खाडा झाला की तो उचलीतून कापला जातो, वर दंडही बसतो. मग ती काय करते? सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या डोक्यावर वाहते, पालावर बाळंत होते, आणि शक्य तितक्या लवकर पुन्हा कोयता उचलते. विशीतच दोन-तीन मुले झाली की शस्त्रक्रिया करून घेते. आणि पुढे पाळीचे दुखणेही खाड्याचे कारण होऊ नये म्हणून पुष्कळ जणी गर्भाशयच काढून टाकतात. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. त्यांत तिशी-पस्तिशीतील बायाही होत्या.

या भगिनींना 'मूल दोन वर्षे लांबवा, मिळकत वाढेल' असे सांगणारा मनुष्य एक तर अजाण असला पाहिजे किंवा निर्दय. विलंबाने तिच्या टनाचा दर एक पैशानेही वाढणार नाही. तिच्या बाबतीत प्रश्न तारखेचा नसून, बाळंतपणाच्या काळात खाडा कोणाच्या खिशातून भरला जावा, हा आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र प्रत्येक गर्भवतीस ६,००० रुपयांहून कमी नाही असा शब्द आहे. पहिल्या अपत्याच्या वेळी उरलेली रक्कम दुसऱ्या एका योजनेतून येते असे सरकार सांगते. ती येते किंवा येत नाही, हे आपापल्या गावातील अंगणवाडीत जाऊन वाचकांनी स्वतः पाहावे. पुरी रक्कम मिळाली तरी ती फडातल्या किती दिवसांचा खाडा भरून काढील, याचा हिशेब ऊसतोड करणाऱ्या कोणत्याही बाईला तोंडपाठ असतो.

परंतु आपल्या समाजात आता एक दुसरा वर्ग उभा राहिला आहे, आणि त्याच्याविषयी बोलणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते. ज्या घरात आजी निरक्षर होती, आई सातवी शिकली, त्या घरातील मुलगी आज परिचारिका आहे, शिक्षिका आहे, तलाठ्याच्या परीक्षेस बसते आहे, कायदा शिकते आहे. तिच्यापुढे शिडी आहे, आणि त्या शिडीची पहिली पायरी नेमकी तेवीस ते तीस या वयात येते. लग्नाचा व पहिल्या मुलाचा आग्रहही नेमका त्याच वयात येतो.

न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या मुलीचेच उदाहरण घ्या. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून ती तेविसाव्या वर्षी पदवी घेते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यासाठी पुन्हा किमान तीन वर्षांची वकिली लागेल. म्हणजे सव्वीस वर्षे झाली. मग परीक्षा, मुलाखत, प्रतीक्षा. अठ्ठावीस वर्षे सहज होतात. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात कागद वाहून नेण्याची, रोज न्यायालयात उभे राहून कान तयार करण्याची हीच ती तीन वर्षे. आणि येथे एक गोष्ट वकील म्हणून नमूद केली पाहिजे. वकिलास मालक नसतो; म्हणून वकील स्त्रीस प्रसूतीची पगारी रजा देणारा कोणताही कायदा नाही. ती घरी बसली की तिचे पक्षकार दुसऱ्याकडे जातात. त्या अटीमागे निकालाची गुणवत्ता सुधारावी हा हेतू असेल. आम्हांस त्याविषयी वाद घालावयाचा नाही. परंतु ज्या मुलीच्या सासरी लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाळणा हलला पाहिजे असा हट्ट आहे, तिच्यासाठी त्या तीन वर्षांचा अर्थ काय होतो, हे हट्ट धरणाऱ्यांनी समजून घ्यावे.

राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत मागासवर्गीयांस त्रेचाळीस वर्षांपर्यंत मुभा आहे, मग घाई कसली, असे कित्येक सासरे म्हणतात. मुभा आहे हे खरे. परंतु दार त्रेचाळीसपर्यंत उघडे असणे निराळे आणि दारापर्यंत चालत जाण्याचे बळ उरणे निराळे. दोन मुलांना शाळेत सोडून, स्वयंपाक करून, पाण्याचे भांडे भरून मग पुस्तक उघडणारी पस्तिशीची बाई आणि वाचनालयात सकाळपासून बसलेला चोवीस वर्षांचा मुलगा यांची शर्यत कागदावरच तेवढी समान असते.

दोन वर्षांपूर्वी एक परिचारिका आपल्या पतीसह आमच्याकडे आली होती. एका खाजगी रुग्णालयात ती अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर चार वर्षे काम करीत होती. पाचवा महिना लागल्याचे तिने सांगितले, तेव्हा 'करार संपतो आहे, बाळंतपण आटोपून नव्याने अर्ज करा' असे तिला तोंडी सांगण्यात आले. नव्याने अर्ज म्हणजे नव्याने पहिल्या वर्षाचा पगार. चार वर्षांचा अनुभव वाऱ्यावर. पती सज्जन होता. तो म्हणाला, 'जाऊ द्या साहेब, मूल झाले म्हणजे बघू.' त्याच्या पगारात कोणी हात घातला असता तर तो 'जाऊ द्या' म्हणाला असता काय, हे आम्ही त्यास विचारले. तो गप्प बसला. तिने मात्र लेखी नोटीस देण्याचे ठरविले. तडजोड झाली, रजेचा पगार मिळाला, आणि अनुभव धरून पुनर्नियुक्तीही झाली. प्रत्येक प्रकरणात असे होतेच असे नाही. परंतु 'जाऊ द्या' म्हटल्यावर कोणत्याच प्रकरणात होत नाही.

कायदा काय म्हणतो ते वाचकांस ठाऊक असावे. १९६१ चा प्रसूती लाभ अधिनियम २०१७ साली सुधारला जाऊन बारा आठवड्यांची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. त्यातील तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असले की हक्क उत्पन्न होतो. सव्वीस आठवड्यांपैकी आठपर्यंत आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन मुले हयात असतील तर पुढच्या वेळी बाराच आठवडे. ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघराची सोय हवी. गरोदरपणाच्या कारणाने अनुपस्थित असताना कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. रोजंदारीवरील स्त्रीसही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांच्या खटल्यात सांगितले. कराराची मुदत संपली म्हणून मधेच लाभ तोडता येत नाही, हे २०२३ साली कविता यादव यांच्या खटल्यात सांगितले. लग्न झाले की नोकरी संपली, हा मुंबईतील एका औषध कंपनीचा नियम तर १९६५ सालीच अयोग्य ठरला होता.

इतके असूनही कायद्याच्या दोन उणिवा आम्ही झाकून ठेवणार नाही. शेतमजूर, ऊसतोड करणारी, घरोघर धुणीभांडी करणारी या रजेच्या बाहेरच आहेत. त्यांच्यासाठी योजना करता येतील, असे संहिता म्हणते. आणि 'करता येतील' याचा अर्थ 'मिळेल' असा कोणत्याही न्यायालयात होत नाही. दुसरी उणीव अशी की, खाजगी नोकरीतील बापाला एका दिवसाचीही रजा या संहितेने दिलेली नाही. सव्वीस आठवड्यांचा पगार मालकाने एकट्या स्त्रीपायी मोजावयाचा आणि पुरुषापायी काहीच नाही, असे झाल्यावर मुलाखतीत तरुण विवाहितेस मालक कोणत्या नजरेने पाहतो, हे सांगावयास नको. जो कायदा तिला नोकरीत सांभाळतो, तोच कधी कधी नोकरीच्या दाराशी तिला अडवितो. यावर उपाय रजा कमी करणे हा नव्हे. बापासही रजा देणे आणि खर्चाचा मोठा वाटा शासनाने उचलणे, हा आहे.

हा विचार नवा नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना पूज्य बाबासाहेबांनी हेच प्रतिपादन केले होते की, बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्याचा भार मुख्यतः सरकारचा असला तरी स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणारा मालक त्यातून सर्वस्वी मोकळा राहू शकत नाही. पुढल्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या वतीने संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मुंबईच्या विधानसभेत मांडला गेला, आणि सभागृहाने तो नामंजूर केला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी हजारो स्त्रियांना सांगितले की, लग्नाची घाई करू नका. मुलांवर लग्न लादू नका, त्यांना तो बोजा उचलण्याची आर्थिक ऐपत येऊ द्या. फार मुले होऊ देणे हा अपराध आहे. ज्या काळी या विषयाचा उच्चारही असभ्य समजला जाई, त्या काळी आपल्या आज्या-पणज्यांनी हे जाहीर सभेत ऐकले. आज त्यांच्याच पणत्यांच्या लग्नात पहिल्या वर्षाचा पाळणा मागितला जावा, याचे नवल वाटते. असो.

लवकर मुले होऊ द्यावीत असे म्हणणारांचे एक कारण मात्र विचार करण्यासारखे आहे. आजी धडधाकट आहे तोवर मूल झाले तर ती सांभाळील. दहा वर्षांनी तिलाच सांभाळावे लागेल. वरकरणी हे शहाणपणाचे आहे, आणि जेथे आजी खरोखर मोकळी आहे तेथे ते खरेही आहे. परंतु आपल्या घरांतील आजी मोकळी असते काय? पंचेचाळीस-पन्नास वर्षांची आजी कोठे नगरपालिकेत झाडूखात्यात असते, कोठे चार घरची भांडी करते, कोठे खुरपणीला जाते. सुनेची नोकरी टिकावी म्हणून ती आपले काम सोडते, आणि घरातले कोणीही ते नुकसान म्हणून लिहीत नाही. एका बाईची मिळकत दुसऱ्या बाईच्या मिळकतीतून भागविली जाते. पुरुषांच्या दोन्ही मिळकती, बापाची व आजोबाची, जशाच्या तशा राहतात. ज्या आजीने आपले काम सोडून नात सांभाळली, तिच्या हातात दरमहा काही रक्कम ठेवण्याची चाल आपल्या घरांत पडली पाहिजे. ती दया नव्हे; तिचा रोज आहे.

उलट बाजूचाही विचार आम्ही टाळीत नाही. लांबवणे याला मर्यादा आहे. तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता हळूहळू व पस्तिशीनंतर अधिक वेगाने घटते, आणि धोके वाढतात. हे वैद्यकाचे सत्य आहे, ते सासूचे टोमणे म्हणून उडवून देता येत नाही. आणि लांबविलेल्या वर्षांत काही केले नाही, तर त्या लांबवण्याने एक रुपयाही वाढत नाही. पदवी, परीक्षा, नोकरीतील कायमपणा, हातातले कौशल्य, यांपैकी काही त्या वर्षांत मिळणार असेल तर ती वर्षे राखून ठेवावीत. तशी योजनाच नसेल तर केवळ विलंबाची पूजा करण्यात अर्थ नाही. ज्या जोडप्यांपुढे शिडी आहे त्यांनी पंचवीस ते तीस या वर्षांचा विचार अधिक काटेकोरपणे करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि हा विचार करताना साधनांचा भारही एकटीवर टाकू नये. वर सांगितलेल्या पाहणीतच महाराष्ट्रातील शंभर विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ जणींनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पुरुषाच्या नसबंदीवर भिस्त ठेवणारी शंभरात एकही भरत नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी, कमी दिवसांत बरी होणारी. तरी सुरी तिच्याच पोटावर चालते. दोन मुलांमधील अंतरासाठी वापरावयाच्या साधनांविषयी तर सरकारी दवाखान्यात नवरा कधी विचारावयासही जात नाही. त्याने तेथे जाऊन रांगेत उभे राहावे.

विवाह जुळविताना आपण हुंडा घेत नाही, पत्रिका पाहत नाही, मुहूर्त पाहत नाही. त्या बैठकीत आणखी दोन गोष्टी उघडपणे बोलल्या जाव्यात: मुलीची परीक्षा वा नोकरीचा कायमपणा केव्हा अपेक्षित आहे, आणि मूल झाल्यावर वराने आपल्या कोणत्या रजा व कोणते तास राखून ठेवले आहेत. वर सरकारी नोकरीत असेल तर त्याला मिळणारी पितृत्वाची रजा त्याने पुरती घ्यावी, कार्यालयातील हसण्याला भिऊन सोडू नये. राज्य सेवेतील स्त्रियांना २०१८ पासून बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा आहे. ती दहावीच्या परीक्षेसाठी शिल्लक ठेवावी की पहिल्या वर्षी वापरावी, हे दोघांनी कागदावर मांडून ठरवावे. आणि खाजगी नोकरीतील भगिनींनी गरोदरपण व रजेचा आरंभदिनांक मालकास तोंडी कळवू नये. लेखी कळवावे, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि ती प्रत हजेरी व पगाराच्या पावत्यांसोबत घरी जपून ठेवावी. आमच्याकडे येणाऱ्या दहा जणींपैकी आठ जणींपाशी ती प्रत नसते.